कोयत्याची धार

दिवाळीचे दिवस आले की बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून हजारो माणसे घर सोडून निघतात. पाठीवर बिऱ्हाड, कडेवर लेकरू आणि गाठोड्यात कोयता. कुणी सांगली-कोल्हापूरला जातात, कुणी साताऱ्याला, कुणी थेट कर्नाटकात. ऊस तोडायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला घरी परतायचे.

तिथे मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी कशी मांडतात, ठाऊक आहे? 'एक कोयता' अशी. माणसे दोन, पण नाव एका हत्याराचे. एकटा गडी किंवा एकटी बाई असली तर तो 'अर्धा कोयता'.

आता ऊस तोडायची यंत्रेही आली आहेत. तरी अजून लाखो माणसांची भाकरी या कोयत्यावरच आहे. ज्या हत्याराच्या नावाने आपण मोजले जातो, ते हत्यार आपण नीट ओळखतो का? हा प्रश्न आमच्या मनात कसा आला, ते आधी सांगतो.

एका वर्षी आम्ही ऊसतोड्यांच्या कोप्यांवर रात्रीचा वर्ग घेत होतो. एके रात्री एक तरुण गडी हाताला फडके बांधून आला. आम्ही विचारले, "दादा, हाताला काय झालं?"

तो म्हणाला, "कोयता निसटला, मास्तर. ह्या रानातला ऊस लई टणक हाय."

शेजारी एक म्हातारे आबा बसले होते. ते हसले. म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! पोरा, ऊस टणक न्हाई. तुझा कोयता मेलाय."

"असं कसं आबा? परवाच बाजारात चाकावर लावून आणलाय. कागद कापत होता कागद!"

"मग कागदच कापायचा होता व्हय तुला?"

सगळे हसले. पण आबांनी तो कोयता दिव्याजवळ धरला, तेव्हा सगळे गप्प झाले. धार कागदासारखी पातळ केलेली. तिला चार ठिकाणी दाते पडलेले. काही ठिकाणी धार वळून दुमडली होती, आणि टोकाजवळ निळा डाग होता.

त्या रात्री पुस्तक बाजूला राहिले. वर्गात कोयत्याचाच धडा झाला. आबांनी हातांनी दाखवले, आम्हाला पुस्तकातून जे माहीत होते ते आम्ही जोडले. तो धडा इथे देत आहोत.

धार म्हणजे काय?

घराच्या छपराला दोन उतार असतात. ते वर एका रेषेत मिळतात. पात्याचेही तसेच आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंना उतार असतो. ते दोन उतार जिथे मिळतात, ती धार. उतार जेवढा निमुळता, तेवढी धार पातळ. पातळ धार चटकन कापते, पण तिच्या मागे पोलाद कमी असते. मोठा घाव बसला की ती वळते नाही तर तुटते.

न्हाव्याचा वस्तरा फक्त केस कापतो. त्याची धार अगदी पातळ असली तरी चालते. विळीवर भाजी चिरतात. तिची धार त्याहून थोडी जाड. कोयत्याचे काम तर निराळेच. त्याला दिवसभर घाव घालायचे असतात. ऊस बुडाशी तोडायचा असतो, कारण उसाच्या बुडख्यात साखर जास्त असते आणि शेंड्याला कमी. शिवाय जमिनीलगत तोडला तर खोडवा चांगला फुटतो. पण जमिनीलगत तोडायचे म्हणजे मातीशी, खड्याशी गाठ आहेच. तिथे वस्तऱ्याची धार किती वेळ टिकणार?

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. धार कामाला शोभेल अशी हवी. कोयत्याला वस्तरा करू नका आणि त्याला पहारही होऊ देऊ नका. अति तेथे माती!

कागदाची घडी घालून माप

आता तुम्ही म्हणाल, उतार किती ठेवायचा हे कळायचे कसे? त्याला सोपी युक्ती आहे. वहीचा एक कागद घ्या. त्याचा कोपरा बघा. तो काटकोन असतो, म्हणजे ९० अंशांचा. कागदाच्या दोन कडा एकमेकींवर येतील अशी घडी घाला. कोपरा अर्धा झाला, म्हणजे ४५ अंश. पुन्हा तशीच घडी घाला. आता राहिले साडेबावीस अंश.

दगड आणि पाते यांच्यामध्ये एवढी फट ठेवून धार लावली, की कोयत्याच्या एका बाजूचा उतार बरोबर येतो. दोन्ही बाजू मिळून ४५ अंश होतात. रान फार खडकाळ असेल तर त्याहून थोडा जास्त उभा उतार ठेवावा. घडीचा कागद पहिल्या दोन-चार वेळा जवळ ठेवा. पुढे हाताला आपोआप सवय होते.

आणखी एक गोष्ट आबांनी दाखवली. चांगल्या कोयत्याचा उतार अगदी सपाट नसतो. धारेच्या मागे तो किंचित फुगीर असतो, मसुराच्या दाण्यासारखा. त्या फुगीरपणामुळे धारेला पाठबळ मिळते. उसाचे दोन भाग बाजूला ढकलले जातात आणि पाते अडकत नाही. सगळे पाते घासून सपाट केले की हे पाठबळ जाते.

लोहार पाणी का देतो?

कोयता पुष्कळदा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवतात. ते पोलाद असते. पोलाद म्हणजे लोखंडात मिसळलेला थोडासा कोळशाचा अंश. पाट्याच्या पोलादात तो शंभर भागांत अर्ध्या भागाच्या आसपास असतो. एवढ्याशा कोळशामुळे लोखंडाला पाणी घेता येते.

लोहार घडवलेला कोयता भट्टीत लाल करतो. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सियसपर्यंत तापले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याच्याही थोडे वर गेले की लोहार धार एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतो. पोलाद झटकन थंड होते आणि फार कठीण होते. इतके कठीण, की दगडावर आपटले तर काचेसारखे फुटेल. म्हणून लोहार तिथे थांबत नाही. तो धार घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हलकी ऊब देतो. मग पोलादावर रंग चढू लागतात. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपास येतो, निळा तीनशेच्या आसपास. जसजसा रंग पुढे जातो, तसतसा कठीणपणा कमी होतो आणि चिवटपणा वाढतो. आपल्या हिशेबाचा रंग आला की लोहार कोयता थंड करतो. यालाच आपण 'पाणी दिले' म्हणतो.

यात किती शहाणपण आहे बघा! धार कठीण राहते आणि पाठ चिवट राहते. धार कापते, पाठ धक्का सोसते. दोघींनी आपापले काम वाटून घेतले आहे.

चाकावर काय चुकले?

आता त्या तरुणाच्या कोयत्यावरचा निळा डाग आठवा. बाजारातले चाक जोरात फिरते. त्यावर पाते दाबून धरले की ठिणग्या उडतात. बघणाऱ्याला वाटते, वा! काय धार लागते आहे! पण पात्याची कड पातळ असल्यामुळे ती क्षणात तापते. लोहाराने मोठ्या हिशेबाने थांबवलेला रंग चाकावर पुढे पळतो. धारेवर निळा डाग दिसला, की तिथले पाणी उतरू लागले असे समजावे. मग ती धार नवीन असताना कागद कापते आणि फडात दहा घावांत वळते.

चाक वाईट नाही. घाई वाईट. चाकावर लावायचेच असेल तर हलक्या हाताने लावावे, आणि दर दोन-तीन वेळा टेकवून झाले की पाते पाण्यात बुडवावे. बोट लावून पाहावे. बोटाला चटका बसला तर फार तापले. डोळ्यांना चष्मा हवाच. एक ठिणगी डोळा घालवू शकते.

निळा डाग थोडाच असेल तर तेवढे पोलाद कानशीने घासून काढावे. जास्त असेल तर कोयता लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी देऊन आणावे.

कानस कशी चालवावी?

धारेला दाते पडले असतील तर आधी कानस लागते. दाते नसतील तर कानशीला हात लावू नका. कानस पोलाद खाते. नको तेव्हा चालवली तर कोयत्याचे आयुष्य खाते.

कानशीला लाकडी मूठ हवीच. उघडी कानस अडली की तिचे मागचे टोक तळहातात घुसते. कोयता हातात धरून घासू नका. तो लाकडाच्या ओंडक्याला दोरीने आवळून बांधा, धार तुमच्यापासून दूर ठेवा. कानस पाठीकडून धारेकडे तिरपी ढकला. म्हणजे हात घसरला तरी धारेवर जात नाही.

कानस फक्त पुढे जाताना कापते. मागे आणताना उचलून आणा. मागे घासत आणली तर पोलाद निघत नाही, कानशीचे दाते मात्र मरतात. कानशीवर आधी थोडा खडू घासून घ्या, म्हणजे कीस तिच्या दातांत अडकत नाही. तेल लावू नका. तेलाने कानस घसरते.

धार आत वळलेली असेल तर सपाट कानस मध्ये पोहोचत नाही. तिथे अर्धगोल कानस वापरा.

कानस आणखी एक गोष्ट सांगते. ती धारेवरून नुसती घसरली, काहीच कापले नाही, तर धार फार कठीण आहे. लोण्यात गेल्यासारखी गेली, तर पाणी उतरले आहे. नीट पाणी दिलेल्या कोयत्यावर ती धरून धरून कापते.

एका बाजूला काही वेळ घासले की दुसऱ्या बाजूला पोलादाचा बारीक काठ वळतो. नख लावले की खरखर लागते. तो काठ धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागला, म्हणजे ही बाजू झाली. आता दुसरी बाजू तेवढीच घासा. मोठा दाता एकाच दिवसात काढायच्या नादी लागू नका. तो काढायला सगळीच धार मागे न्यावी लागते. रोज थोडे घासत गेले की तो आठवड्याभरात आपोआप जातो.

निसण्याचे काम

कानशीनंतर दगड. याला कुठे सहाण म्हणतात, कुठे निसणा. बाजारात कुरुंदाचा दगड मिळतो. त्याची एक बाजू भरड आणि दुसरी बारीक असते. आधी भरड बाजू, मग बारीक.

दगडावर पाणी टाका. पाण्याने कीस वाहून जातो, पाते तापत नाही, आणि दगडाची धूळ नाकात जात नाही. ती धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर बरी नव्हे. कोयता जड असतो. म्हणून तो दगडावर फिरवण्यापेक्षा कोयता बांधलेला ठेवून दगडच हातात धरून धारेवरून फिरवणे सोपे जाते. लहान लहान गोल फेरे घ्या. दोन्ही बाजूंना सारखे घ्या. शेवटी अगदी हलक्या हाताने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मग वळलेला काठ निघून जातो.

आरशासारखी चकाकी आणायची गरज नाही. उसाचे तंतू चिवट असतात. धार किंचित खरखरीत असली तर ती त्यांना चांगली पकडते.

धार लागली की नाही हे अंगठा धारेवर लांबीने ओढून पाहू नका. तसे पाहणाऱ्यांचे अंगठे आम्ही पाहिले आहेत! कोयत्याची धार वर करून दिव्याकडे धरा. जिथे धार बोथट आहे तिथे पांढरी चमकती रेघ दिसते. जिथे धार लागली तिथे काहीच चमकत नाही. डोळ्यांनी कळते, रक्त सांडावे लागत नाही.

कोयता जाड का होत जातो?

त्या रात्री एका मावशींनी फार चांगला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मास्तर, आमचा कोयता चार वर्षांचा हाय. रोज घासतो, तरी पैल्यासारखा चालत न्हाई. असं का?"

याचे उत्तर पात्याच्या आकारात आहे. पाते पाठीला जाड आणि धारेला पातळ असते. दर वेळी घासताना धार थोडी मागे सरकते, म्हणजे जाड भागाकडे जाते. चार वर्षांनी धार अशा जागी पोहोचते की तिच्यामागचे पातेच जाड. धार लागली तरी कोयता उसात शिरत नाही, पाचरीसारखा अडतो. शिवाय लोहाराने पाणी दिलेला भाग झिजून गेला, तर आत मऊ पोलाद लागते.

अशा वेळी घासत बसण्यात अर्थ नाही. कोयता लोहाराकडे न्यावा आणि शेवटून घ्यावा. म्हणजे लोहार तो तापवून, ठोकून धारेकडचा भाग पुन्हा पातळ करतो आणि नव्याने पाणी देतो. हंगामाला निघण्याआधी गावातच हे काम करून घ्यावे. फडात पोहोचल्यावर लोहार शोधत फिरायचे म्हणजे दिवस मोडतो, आणि मजुरी तर टनावर असते.

रोजची निगा

उसाचा रस चिकट आणि किंचित आंबट असतो. तो पात्यावर रात्रभर राहिला की सकाळी तांबूस थर दिसतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज चढतो. गंज आधी धारच खातो, कारण ती सर्वांत पातळ असते.

म्हणून संध्याकाळी कोयता धुवा, फडक्याने कोरडा पुसा आणि पात्याला तेलाचे बोट फिरवा. घरातले गोडेतेल चालते. मुठीला मात्र तेल लावू नका, ती हातातून निसटेल.

मूठ ढिली झाली तर काही जण कोयता पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि मूठ घट्ट वाटते. पण ते वाळले की आधीपेक्षा ढिले होते. त्यापेक्षा पाचर ठोकावी नाही तर मूठ बदलावी. ढिल्या मुठीचा कोयता शेजारच्या माणसाचा घात करतो.

कोयत्याने चुलीतला विस्तव सारू नका. कितीतरी घरांत सारतात! दोन मिनिटांत चूल धारेचे पाणी उतरवते. चालताना आणि गाडीवर बसताना धारेवर जुन्या ट्यूबचा तुकडा नाही तर गोणपाट गुंडाळा. गाडीत लेकरेही असतात.

बोथट हत्यार हात कापते

धारदार कोयत्याची भीती वाटते, बोथटाची वाटत नाही. खरे तर उलटे आहे. बोथट कोयत्याला जोर जास्त लावावा लागतो. जोराचा घाव उसावरून निसटला की तो नडगीवर नाही तर दुसऱ्या हातावर बसतो. त्या तरुणाचे असेच झाले होते.

जखम झालीच तर स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. स्वच्छ फडके दाबून धरा. माती, शेण, राख, तंबाखू यांतले काहीही जखमेत भरू नका. गंजामुळे धनुर्वात होतो असे लोक म्हणतात. पण धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजका कोयता असो की चकचकीत, तो मातीत चाललेला असतोच. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना जखम दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. खोल जखम असेल तर उद्यावर टाकू नका.

पुढे काय झाले?

त्या तरुणाच्या कोयत्यावरचा निळा भाग आबांनी कानशीने काढला. उतार जरा उभा केला आणि दगड फिरवला. दुसऱ्या दिवसापासून तो गडी रोज संध्याकाळी कोयता धुऊन दगड घेऊन बसू लागला. दुपारच्या भाकरीच्या वेळीही दोन हात मारायचा. पाच मिनिटांचे काम.

पंधरवड्याने तो वर्गाला वेळेवर आला. त्याच्याबरोबर त्याची बायकोही पहिल्यांदाच आली. आम्ही म्हणालो, "वहिनी, आज सवड कशी काय मिळाली?"

ती म्हणाली, "आधी हे तोडत बसायचे, मी मोळीसाठी थांबून असायची. गाडी भरायला दिवे लागायचे. आता उजेडात भरती."

ऊस तोच होता, रान तेच होते, माणसेही तीच. पाच मिनिटांनी त्यांना संध्याकाळ परत मिळवून दिली.

आज रात्री तुम्हीही आपला कोयता दिव्याकडे धरा. पांढरी रेघ चमकते का ते बघा. चमकली, तर दगडावर पाणी टाका आणि बसा.